अर्ध्या सुराने वर

पोचेवाल्याच्या थोरल्या मुलीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षाची गोष्ट. दोघी एकदम कधी रडत नसत, पाळीपाळीने रडत, त्यामुळे घरात कोणाचाच डोळ्याला डोळा लागत नसे. त्या दिवसांत पोचेवाल्याला कोणी विचारले, काय रे, कसा आहेस, तर तो म्हणे, "उभा आहे." आणि ते खरेच होते. तसेही त्याला बसणे जमत नसे. जेवताना त्याचा डावा पाय हलायचा, दाढी करताना उजवा. बायको म्हणायची, "तुमच्या पायात मोटार बसवलीय, पण बटण द्यायचं विसरले."

पोचेवाला हे त्याचे नाव नव्हे, धंद्यावरून पडलेले. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बिगुल, जे जे पितळेचे आणि फुंकायचे ते पडले, चेपले की त्याच्याकडे येई. नळीच्या आत गोल डोक्याची पोलादी कांडी घालायची, बाहेरून लाकडी हातोडीने हलके हलके ठोकायचे, आणि पोचा कधी पडलाच नव्हता असे पितळ परत करायचे. जिन्याखालची खोली, त्यात एक जुना लेथ, एक गॅसची बत्ती, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या नळ्या. खोली इतकी अरुंद की ट्रॉम्बोनची सरकती नळी पूर्ण लांबवून बघायची तर दार उघडावे लागे, आणि रस्त्याने जाणारे मुकाट्याने वाकून जात.

दर रविवारी दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत पाच जण जमत. बेकरीवाला, सलूनवाला, नर्सबाई, पोचेवाला आणि पोचेवाल्याचा थोरला भाऊ. तो सगळ्यांचाच दादा होता. खोलीत पिठाची पोती, एक बाकडे आणि दादाचा रेकॉर्ड प्लेअर. जमायचे ते एकाच कामासाठी, नऊवाल्यांना ऐकायला.

नऊवाले म्हणजे नऊ जणांचा बँड, चाळीस वर्षांपूर्वीचा. ड्रम आणि गिटार तर काय, सगळ्यांकडे असतात. पण यांच्याकडे तीन फुंकणारे होते, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन, आणि ते मागे उभे राहून नुसती झालर लावत नसत. गाणारा एक ओळ म्हणे आणि हे तिघे त्याला उलट उत्तर देत. कधी त्याचे ऐकत, कधी त्याला बाजूला सारून पुढे घुसत. "भांडखोर घरासारखा बँड आहे," दादा म्हणे. "सगळे एकदम बोलतात आणि तरी प्रत्येकाचं कळतं."

या मंडळींच्या काही रीती होत्या. गाण्याचे नाव कोणी घेत नसे, आकडा सांगत. दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे म्हणजे 'दोन-तीन'. ज्याला जे वाद्य येते ते त्याने ऐकताना मांडीवर घेऊन बसायचे, वाजवायचे नाही. आणि दोन-तीन सुरू असताना खोकायला बंदी. कारण त्या गाण्याच्या शेवटाकडे सगळे थांबतात, ड्रमवाला फक्त पायाने ठोका देत राहतो, आणि ट्रॉम्बोन एकटा दीड मिनिट बोलतो. त्यात कोणी खोकलाच तर सुई उचलून गाणे पुन्हा पहिल्यापासून. दादाला या नियमातून सूट होती, कारण तीस वर्षे ओतशाळेत काम करून त्याच्या छातीचा भाता झाला होता. पण तोच सगळ्यांत घट्ट ओठ मिटून बसे, आणि गाणे संपले की पाच मिनिटे खोकत राही.

एरवी, रविवार सोडून, रेकॉर्डबरोबर वाजवून वाजवून सगळ्यांनी आपापले तुकडे पाठ केले होते. पट्टी मात्र भलतीच आडनिडी होती. सलूनवाल्याची बोटे सॅक्सोफोनवर अशी वळायची की बघणाऱ्याला कळ यावी.

"असली पट्टी माणूस निवडतो का?" तो म्हणे.

"म्हणून तर ते ते आहेत आणि तू दाढ्या करतोस," दादा म्हणे.

गावात ज्याच्या ज्याच्या घरी नऊवाले होते ते सगळे दादाच्या प्लेअरवरून उतरवलेल्या कॅसेटवर होते. रेकॉर्ड एकच होती, गावभर पोरे-पोरी तीच ऐकत म्हातारी झाली. पाच वर्षांपूर्वी बेकरीवाल्याने शहरातून त्याच गाण्यांची नवी सीडी मोठ्या हौसेने आणली. पहिली तीन गाणी ऐकून सगळ्यांची तोंडे उतरली. ढिलं, मरगळलेलं, आवाज खाली बसलेला. "कंपनीने वाट लावली," दादाने निकाल दिला, आणि बेकरीवाल्याकडून दोन पानांचे निषेधाचे पत्र लिहून घेतले. खाली पाच सह्या. उत्तर आले नाही.

आणि आता नऊवाल्यांच्या दौऱ्याचे पत्र आले होते. रविवारी बेकरीवाल्याने ते पिठाच्या हातांनीच उघडून वाचले. नऊवाल्यांपैकी दोघेच उरले होते, ट्रम्पेटवाला आणि ड्रमवाला. गिटारवाला आणि गाणारा त्यांनी नवे घेतले होते आणि शेवटचे एकदा गावोगाव फिरत होते. मात्र ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन ते त्या त्या गावातले घेत, ज्यांना गाणी पाठ आहेत असे. येत्या शनिवारी संध्याकाळी, कामगार सभागृहात. गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी तालीम.

सगळे पोचेवाल्याकडे बघत होते आणि तो उठून पोती मोजल्यासारखा येरझारा घालत होता.

ट्रॉम्बोन मुळात दादाचा. अठरा वर्षांपूर्वी एका तुकड्यासाठी तीनदा श्वास घ्यावा लागला, तेव्हा दादाने तो पेटीत ठेवला आणि पेटी धाकट्याच्या हातात दिली. म्हणाला, "ते कधीतरी येतील. त्या खुर्चीत मी बसणार होतो. आता तू बस." तेव्हापासून पोचेवाल्याला स्वतःसाठी म्हणून आयुष्यात एवढेच हवे होते. एक संध्याकाळ ती खुर्ची, दोन-तीनची ती दीड मिनिटे, आणि समोर दादा. नर्सबाईने त्याला महिन्यापूर्वीच बाजूला घेऊन सांगितले होते की आता दादाचे महिने मोजू नका, आठवडे मोजा.

"बस की रे खाली," दादा म्हणाला. "शनिवार उभ्याने लवकर येणार आहे का?"

*

गुरुवारी दुपारी सभागृहात ट्रम्पेटवाला पाठीला उशी लावून बसला होता. सत्तरी ओलांडलेला, एक गुडघा कामातून गेलेला, बोलणे तोलून मापून. सगळे त्याला लगेच मास्तर म्हणू लागले. पोचेवाल्याने नमस्कार केला. चाळीस वर्षे ज्या माणसाचा श्वास घेणेसुद्धा पाठ, त्याला असे समोर पाणी पिताना बघणे काही खरे वाटेना.

"दोन-तीन घेऊ या?" सलूनवाल्याने विचारले.

"म्हणजे कुठलं?"

सांगितल्यावर मास्तर हसले. "आम्हाला नव्हतं हो माहीत की आमच्या गाण्यांना नंबर आहेत."

ड्रमवाल्याने चार ठोके दिले आणि सगळे सुरू झाले. चार क्षणही गेले नाहीत. असा काही आवाज उठला की सभागृह झाडणारी बाई झाडू टाकून दारात आली. मास्तरांनी हात वर केला.

"तुम्ही दोघे कुठल्या पट्टीत वाजवताय?"

सलूनवाल्याने पट्टी सांगितली. मास्तर बघतच राहिले.

"त्या पट्टीत? सॅक्सोफोनवर? कशासाठी?"

"रेकॉर्डवर तीच आहे, मास्तर."

"रेकॉर्डवर मीच आहे, आणि मी त्या पट्टीत जन्मात वाजवलेलं नाही. आम्ही सगळ्यात सोपी पट्टी घेतली होती. आळशी होतो आम्ही." मग ते एकदम थांबले. "थांबा. एका गावाने कंपनीला पत्र लिहिलं होतं, ते आमच्यापर्यंत आलं, की आमचं गाणं हळू करून बिघडवलं. दोन पानं. ते तुम्ही का?"

बेकरीवाला खुर्च्या मांडत होता, तो आणखी लांबच्या खुर्च्या मांडायला निघून गेला.

मास्तरांनी ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन दोघांना एकेकटे वाजवायला सांगितले. पूर्ण ऐकून घेतले. मान हलवली, चांगल्या अर्थाने. "एक सूर चुकत नाही. पण सगळं अर्ध्या सुराने वर आहे, आणि त्याच मापाने घाईतही आहे. तुमचा प्लेअर धावतो. तुम्ही चाळीस वर्षं धावत्या प्लेअरच्या मागे धावताय." मग जरा थांबून म्हणाले, "उद्यापर्यंत खाली आलात तर बसा. नाही जमलं तर मी एकट्याने भागवेन, वाईट वाटून घेऊ नका. मागच्या दोन गावांत तेच केलं."

*

पोचेवाला तिथून तडक बेकरीत गेला. चप्पल काढायचेही भान नव्हते. त्याने रेकॉर्डवर खडूची खूण केली, मनगटातले घड्याळ काढून समोर ठेवले आणि फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे व्हायला हवेत. पस्तीस भरले आणि वर थोडे. पुन्हा मोजले. पुन्हा तेच. मग त्याने प्लेअर उलटा करून खालचा पत्रा उघडला.

आत मोटारीच्या दांड्यावर एक पितळी बुश होता, अंगठीएवढा. तो त्याने ओळखला. जुना दांडा झिजून तबकडी फिरवणारा पट्टा घसरायला लागला तेव्हा दादाने त्याला हा बुश कातायला सांगितला होता. पोचेवाला तेव्हा सतरा वर्षांचा, लेथला पंधरा दिवस झालेले. दादाने माप कागदावर लिहून दिले होते, दहा मिलिमीटर. त्याने कॅलिपर लावला. दहा आणि सहा दशांश. त्या वयातही त्याला घाई होती, शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. दांडा जाड तेवढी तबकडी वेगात. एवढीशी गोष्ट. चाळीस वर्षे सगळ्या गावाने ज्याच्यावर जीव टाकला तो वेग त्याच्या हातून राहिलेल्या पितळेचा होता.

दादा घरी खिडकीजवळ तीन उशांना टेकून बसला होता. पोचेवाल्याने उभ्याउभ्याच सगळे सांगितले.

"मोजायला चुकलास," दादा म्हणाला.

"तीनदा मोजलं."

"म्हातारा थकलाय. फुप्फुसं गेली की माणूस खालच्या पट्टीत उतरतो. मला नको शिकवू."

"दादा, ड्रमवाल्याचीही फुप्फुसं गेली का? पायाने हळू मारतोय तो."

"म्हातारे दोघेही."

"दादा, तो बुश मी केला होता."

"मग तर बरोबरच असणार," दादा म्हणाला. "तुझा हात चुकत नाही." आणि खोकायला लागला. पोचेवाल्याने त्याला पाणी दिले, पाठ चोळली आणि बाहेर पडला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे त्याला वाटत होते.

*

सलूनवाल्याचे हाल वेगळे होते. सॅक्सोफोनला भोके असतात. पट्टी बदलली की सगळी बोटे बदलतात. तो गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून हवेत दुसऱ्या हाताची बोटे नाचवत होता. "आधी ठरव, मला वाजवतोयस की कापतोयस," एका गिऱ्हाइकाने विचारले म्हणे.

ट्रॉम्बोनला भोके नसतात. नळी लांब केली की सूर उतरतो, बस. पण पोचेवाल्याने रियाज करून बघितला तेव्हा कळले की डोक्याला समजते, हाताला समजत नाही. अठरा वर्षे हात ज्या जागी जाऊन थांबला तिथेच जाऊन थांबायचा. एका दिवसात तो हात नवा कुठून आणणार? तो दुकानात तीन पावले इकडे, तीन पावले तिकडे करत राहिला. वर एक जुळी रडत होती, ती थांबली की दुसरी. मग त्याची नजर भिंतीवरच्या नळ्यांवर गेली.

हात बदलत नसेल तर वाद्य बदलायचे.

ट्रॉम्बोनच्या मागच्या अंगाला नळीचा एक वाक असतो, सूर जुळवायला तो थोडा आतबाहेर होतो. तो वाक त्याने काढून ठेवला. भंगारातल्या दोन ट्रॉम्बोनांच्या नळ्या कापून त्याच जाडीचा दुसरा वाक तयार केला, फक्त दोन्ही पाय आठ-आठ सेंटिमीटर जास्त लांब. कातला, डाग दिला, पॉलिश केला. या खेपेला त्याने प्रत्येक माप दोनदा घेतले आणि शेवटचा हात फिरवताना श्वास रोखला. शुक्रवारी दुपारपर्यंत ते काम चालले. बायकोने ताट आणून लेथवर ठेवले, ते तसेच निवले. नवा वाक बसवून त्याने नेहमीच्या जागी हात नेला आणि फुंकले. बरोबर अर्धा सूर खाली. टोकाच्या जागा बोटभर लांब पडत होत्या, ते कान सांभाळणार होता.

शुक्रवारच्या तालमीत मास्तरांनी तो वाक हातात घेऊन उलटसुलट बघितला. "पन्नास वर्षं वाजवतोय," ते ड्रमवाल्याला म्हणाले, "पण स्वतः शिकण्याऐवजी ट्रॉम्बोनला शिकवणारा माणूस आज बघितला." सलूनवाल्याने रात्र घालवून निम्मे बसवले होते. मास्तरांनी त्याला सांगितले, "जिथे अडेल तिथे नुसता पहिला सूर लांबव. लोकांना वाटेल मुद्दाम केलंय. आम्ही तेच करायचो."

सूर जुळले. पण दोन-तीनमधला एकट्याचा तुकडा आला आणि पोचेवाला सुटला. ड्रमवाल्याचा पाय मागे राहिला, तो कुठल्या कुठे. पुन्हा घेतले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मास्तरांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला.

"तुझ्या मागे कोण लागलंय?"

"कोणी नाही."

"मग चल, मला खोलीपर्यंत सोड."

खोली दोन गल्ल्या पलीकडे होती. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालू लागले. गुडघा तसा, त्यामुळे पाऊल टाकायचे, थांबायचे, मग दुसरे. पोचेवाल्याला वाटत होते की या माणसाला उचलून घ्यावे आणि पळत सुटावे. मागून सायकली घंटा वाजवत होत्या. मास्तर चालता चालता तोच तुकडा गुणगुणत होते, पावलावर पाऊल, आणि मध्ये मध्ये गप्प होत.

"इथे गप्प का होता?" पोचेवाल्याने विचारले.

"तो श्वास घ्यायचा इथे. आमचा ट्रॉम्बोनवाला. जाडा होता, जिना चढताना तीनदा थांबायचा. वाजवतानाही थांबायचा. लोकांना वाटायचं, काय कल्पना आहे!" मास्तर हसले. "त्याला फक्त दम लागायचा. तुमच्या प्लेअरने त्या जागा बुजवून टाकल्या असतील."

दारापाशी पोहोचायला अर्धा तास लागला. आत जाताना मास्तर म्हणाले, "उद्या तू सुटलास ना, तर मी ट्रम्पेट उचलून मधेच घुसेन आणि गाणं बंद करेन. राग नाही. ड्रमवाल्याचा पाय आता तुझ्या मागे पळू शकत नाही."

पोचेवाला त्याच चालीने घरी आला. एका तासात. वाटेत दोघांनी त्याला विचारले, पाय मुरगळला का.

*

शनिवारी सभागृह भरून मागे लोक उभे होते. ज्यांच्या घरी दादाच्या कॅसेट होत्या ते सगळे. पन्नाशीचे, साठीचे, कोणी नातवंडे काखोटीला मारून. बेकरीवाल्याने पाव पोचवायच्या व्हॅनमधून दादाला आणले, नर्सबाई पिशवीत औषधे घेऊन बरोबर. पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची. दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता, तो त्याला आता दोन माप मोठा होत होता.

आणि पोचेवाला मंचावर ट्रॉम्बोनच्या त्या खुर्चीत बसला.

पहिल्या दोन गाण्यांत लोक जरा बावचळले. ओळखीचे माणूस अंधारात भेटावे तसे झाले. "काहीतरी बसकं वाटतंय," मागून कोणीतरी म्हणाले, आणि कोणीतरी त्याला गप्प केले. मग तिघा फुंकणाऱ्यांनी मिळून एक तुकडा असा फेकला की समोरच्या बायका उभ्या राहिल्या, आणि त्यानंतर बसका की चढा हे कोणी विचारले नाही. सलूनवाला अडेल तिथे एकच सूर लांबवत होता आणि दर वेळी टाळ्या घेत होता.

मग दोन-तीन.

शेवटाकडे सगळे थांबले. ड्रमवाल्याचा पाय तेवढा राहिला. धप्. धप्. पोचेवाल्याने ट्रॉम्बोन ओठांना लावला, आणि पहिला सूर ओळखताच सगळ्या सभागृहाने टाळी धरली. प्रेमाने धरली. पण धरली ती जुन्या वेगाने. सातशे माणसे, चाळीस वर्षांची सवय, सगळी एकजीव होऊन पुढे ओढत होती. ड्रमचा ठोका त्यात बुडून गेला. पोचेवाल्याच्या हाताने उडी घेतली, त्याने ती अर्ध्यावर धरली. त्याने दादाकडे बघितले.

दादा टाळी वाजवत होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मिटलेले, हात छातीपर्यंत वर उचललेले, त्याच वेगात. गेल्या कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडावर इतका आनंद कोणी बघितला नव्हता.

आता काय? दादाच्या टाळीवर जायचे तर जाणे किती सोपे. हात आपोआप जाईल, सातशे माणसे उचलून धरतील. पण मास्तरांनी ट्रम्पेट मांडीवरून उचलून हातात घेतला होता. आणि ही खुर्ची त्या जाड्या माणसाची होती, ज्याला दम लागायचा. पोचेवाल्याने दादावरची नजर काढली आणि ड्रमवाल्याच्या बुटाच्या टोकावर लावली. बूट वर जाई, थांबे, खाली येई. तो त्या बुटावर वाजवत राहिला. जिथे मास्तर गल्लीत गप्प झाले होते तिथे तो गप्प झाला. टाळ्यांच्या गदारोळात असे गप्प बसणे म्हणजे भर बाजारात कपडे काढून उभे राहणे. त्याच्या कानांतून वाफा निघत होत्या. तरी पुढचा सूर त्याने बूट खाली आल्यावरच काढला.

टाळी मागच्या रांगांत आधी फाटली. कोणी पुढे, कोणी मागे. मग मधल्या रांगा थांबल्या. आता बुटाचा ठोका ऐकू येऊ लागला. शेवटी एकच टाळी राहिली, पहिल्या रांगेत, दादाची. ती एकटीच पुढे पळत होती. मग तिलाही आपण एकटेच आहोत हे कळले. पोचेवाल्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले की दादाचे हात हवेतच थांबले आणि सावकाश मांडीवर आले. त्याने डोळे उघडले होते. तो बघत होता. रागाने की कशाने, ते इतक्या लांबून कळत नव्हते.

दीड मिनिटाचा तुकडा संपला. मास्तरांनी ट्रम्पेट उचलला तो ठरल्या जागी, सगळ्यांबरोबर. शेवटच्या सुराला सभागृह असे उसळले की खिडक्यांची तावदाने थरथरली. त्या गोंगाटात दादा वाकून खोकत होता आणि नर्सबाईने त्याला दोन्ही खांद्यांना धरले होते. मास्तर ट्रॉम्बोनच्या खुर्चीकडे वाकून एवढेच म्हणाले, "जाड्याला आवडलं असतं."

व्हॅनमध्ये मागे पावाच्या रिकाम्या ट्रेंच्या मधे दादा आणि पोचेवाला बसले. 

"हळू वाजवलंस," दादा म्हणाला.

"हो."

"सगळं गाव एकीकडे आणि तू एकीकडे."

"हो."

"माझ्याही टाळीवर आला नाहीस."

"नाही आलो, दादा." पोचेवाला म्हणाला. "बुश खरंच जाड झाला होता."

दादाने हात झटकला, माशी हाकलावी तसा. गाडीने वळण घेतले, ट्रे खडखडले. "तुझ्या जागी मी असतो," तो म्हणाला, "तर गेलो असतो टाळीमागे. शंभर टक्के. आणि म्हाताऱ्याने मला उठवला असता खुर्चीतून." मग दम खायला थांबला. "मधे मधे गप्प होत होतास, ते काय होतं?"

"तिथे तो श्वास घ्यायचा."

"अस्सं." दादाने मागे ट्रेला डोके टेकले. "उद्या घरी येऊन वाजव. असंच. टाळी नाही वाजवणार मी."

पोचेवाला दुसऱ्या दिवशी गेला आणि नंतर रोज दुपारी जात राहिला. दादा डोळे मिटून ऐके. त्या गप्प जागा आल्या की तोही श्वास घेई, जमेल तेवढा. तुकडा संपला की कधी म्हणे, "बरंय." कधी म्हणे, "मला जुनंच आवडायचं." दोन्ही खरे होते, पोचेवाला वाद घालत नसे.

दादा त्या शनिवारनंतर तेविसाव्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेआठ वाजता गेला. वय अडुसष्ट. मास्तर त्याच वर्षाच्या शेवटच्या महिन्यात गेले.